ट्रेलर जोडला की दिवे वेडे होतात: ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटत असेल तर काय तपासायचं

आवारात उभी असताना गाडी ठीक असते. माल भरून निघालात, राऊ ओलांडलंत, की मागचा कोणी तरी शेजारी येऊन ओरडतो, "उस्ताद, पीछे अंधेरा है." उतरून बघता तर दिवे चालू. पुन्हा निघता, पुन्हा बंद. इंदूरच्या देवास नाक्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि हे रडगाणं मी आठवड्यातून दोनतीनदा ऐकतो. गाडी वेगळी असते, ड्रायव्हर वेगळा असतो, बिघाड मात्र बहुतेक वेळा तोच.

तुमच्या गाडीचं लक्षण यातलं कोणतं ते आधी ठरवा.

ब्रेक दाबला की ब्रेक लाईट मंद लागते आणि सोबत इंडिकेटर किंवा घोड्याची पुढची पार्किंग मिणमिणते. इंडिकेटर लावला की टेल लाईट त्याच्या तालावर उघडझाप करते. दिवसा ब्रेक लाईट निदान मिणमिण तरी लागते, रात्री लाईट लावल्यावर तीही जाते. ही तिन्ही एका कुळातली लक्षणं, आणि कूळ आहे खराब अर्थिंगचं, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेचं.

डावीकडे वळलं की मागचं सगळं बंद, सरळ झालं की चालू: कॉइल केबल (घोडा आणि ट्रेलरमधली गुंडाळलेली केबल) किंवा सैल प्लग.

ट्रेलर जोडला किंवा लाईट लावली की फ्यूज उडतो: कुठे तरी तार सोलली आहे.

एकटा घोडा असताना इंडिकेटर नीट, ट्रेलर जोडला की भराभर चालतो: बल्ब गेलेला, किंवा फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले) आणि एलईडीचं जमत नाही.

दर आठवड्याला बल्ब उडतात: चार्जिंग जास्त होतंय, नाही तर बल्ब चुकीचे बसलेत.

(घोडा म्हणजे पुढचा इंजिनवाला भाग, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. नवीन मालकांसाठी लिहिलं.)

अर्थिंगबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण हे समजलं की अर्धी तपासणी डोक्यातच होते. मागच्या जुन्या पद्धतीच्या बल्बमध्ये दोन तारा (फिलामेंट) असतात, २१ वॉटची ब्रेकची आणि ५ वॉटची टेलची. दोघींची परतीची वाट एकच, बल्बच्या पितळी अंगातून अर्थला. ही वाट तुटली की ब्रेकचा करंट अडकून बसत नाही, दुसरी वाट शोधतो. २१ च्या तारेतून आलेला करंट ५ च्या तारेत उलटा शिरतो, टेलच्या लाइनीवरून घोड्यापर्यंत येतो आणि तिथल्या पार्किंग बल्बातून अर्थला पोचतो. म्हणून तुम्ही दाबता ब्रेक आणि पेटते पार्किंग. रात्री टेलच्या लाइनीवर आधीच २४ व्होल्ट असतात, ती वाटही बंद होते, म्हणून ब्रेक लाईट लागत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. ड्रायव्हर स्विच बदलतो, मालक फ्लॅशर बदलतो, आणि तुटलेली पांढरी तार, म्हणजे अर्थची, प्लगमध्ये निवांत बसलेली असते. मागे एलईडी असतील तर हा उलटा खेळ दिसत नाही, दिवे सरळ बंद पडतात. म्हणजे एलईडीच्या ट्रेलरवर हीच चूक शोधायला जास्त वेळ लागतो.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकाला गुटका देऊन. घाटात उतारावर ट्रेलरखाली शिरायचं नाही. गणपती घाटात कडेला उभं राहून तारा सोलणारे मी पाहिले आहेत. दिव्यांसाठी जीव देऊ नका, त्रिकोण लावा आणि सुरक्षित जागी सरका.

पहिली तपासणी फुकटची: जोडी बदलून बघा. ट्रान्सपोर्टच्या आवारात दुसरा ट्रेलर असतोच. तोच घोडा दुसऱ्या ट्रेलरला जोडा. दिवे नीट लागले तर दोष तुमच्या ट्रेलरमध्ये. तिथेही तेच झालं तर दोष घोड्याच्या सॉकेटच्या अलीकडे, नाही तर केबलमध्ये, कारण केबल घोड्यासोबतच फिरते. पाच मिनिटांत अर्धी गाडी संशयातून सुटते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हे केलेलं असतं. त्यांनी आधी कॉम्बिनेशन स्विच बदलून आणलेला असतो, आणि तो स्वस्त नसतो.

दुसरी: बल्ब. काढा, हातात घ्या, बुडावर कोरलेलं वाचा. २४ व्होल्ट हवं. दुकानात १२ आणि २४ चे बल्ब एकाच डब्यात पडलेले असतात, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचा १२ चा बल्ब ट्रकला लावला तर लागता क्षणीच जातो. त्याहून फसवी चूक वेगळीच. दोन तारांच्या बल्बच्या बाजूच्या खुंट्या खालीवर असतात, एका तारेच्या बल्बच्या समान उंचीवर. घाईत कोणी तरी एका तारेचा बल्ब दोन तारांच्या होल्डरमध्ये दाबून बसवतो. मग त्याच्या बुडाचा एकच ठिपका होल्डरच्या दोन्ही पत्त्यांना टेकतो आणि ब्रेक-टेल एक होतात. लाईट लावली की ब्रेक लाईटही पेटते, आणि ड्रायव्हर स्विचला शिव्या देतो. होल्डरमधल्या पत्त्या काळ्या पडल्या असतील तर बारीक काचकागदाने घासा, दबल्या असतील तर किंचित उचला. हे मेन स्विच बंद करून.

तिसरी: प्लग आणि सॉकेट. पावसाळ्यात इथून सुरुवात केली तरी चालेल. झाकण उघडा. आत हिरवट-पांढरा थर दिसला तर तो पितळेचा गंज, आणि तो करंट नीट जाऊ देत नाही. सॉकेटच्या झाकणाची स्प्रिंग तुटलेली असते, मालवा-निमाडच्या पावसात पाणी आत जातं, नंतर धूळ बसते. काडेपेटीच्या काडीला काचकागद गुंडाळून प्रत्येक पिन घासा, कॉन्टॅक्ट स्प्रे मारा, सुकू द्या. पिन मधून चिरलेल्या असतात. वर्षभर जोडून-काढून ती चीर दबते आणि पकड सैल होते. पातळ ब्लेडने ती अगदी थोडी फाकवा. जोर लावलात तर पिन तुटेल आणि कामात नवं काम निघेल. शेवटी व्हॅसलीनचा पातळ हात. रॉकेल, इंजिन ऑइल, चासीची ग्रीस प्लगमध्ये घालू नका. त्यावर धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत त्याचा चिखल होतो.

प्लग उघडून मागचे स्क्रूही बघा. सगळ्या तारा नीट आणि पांढरी सैल, हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मी पहिला पेचकस त्याच स्क्रूला लावतो.

चौथी, आणि माझी लाडकी: जास्तीची अर्थिंग देऊन बघा. दोन मीटर जाड तार घ्या, दोन्ही टोकांना मगर-चिमटे. एक टोक घोड्याच्या चासीवरच्या रंग नसलेल्या स्वच्छ बोल्टला, दुसरं ट्रेलरच्या चासीला. ब्रेक दाबायला माणूस बसवा आणि मागे जाऊन बघा. वेडेपणा थांबला? मग दोष घोडा आणि ट्रेलरमधल्या अर्थच्या तारेत आहे. फरक पडला नाही? तर तोच प्रयोग मागे करा: ट्रेलरच्या चासीपासून दिव्याच्या अर्थच्या स्क्रूपर्यंत. आता सुधारलं तर दोष मागच्या कोपऱ्यात, बहुतेक दिव्याच्या बोल्टखाली गंज. काही ट्रेलरमध्ये दिव्यांची अर्थ चासीला न जोडता वेगळ्या तारेने थेट प्लगपर्यंत आणलेली असते. तिथे ट्रेलरकडचं टोक चासीऐवजी दिव्याच्या अर्थच्या स्क्रूलाच द्यावं लागतं, त्यासाठी लांब तार ठेवा.

ही तपासणी सांगताना मला नेहमी धुळ्याचे एक ड्रायव्हर आठवतात. पीथमपूरहून माल भरून मुंबईकडे जायचे. दर खेपेला बिजासन घाटाच्या आसपास दिवे जायचे, सेंधव्यात कोणी तरी टेप मारून द्यायचा. तीन खेपा झाल्यावर माझ्याकडे आले आणि खाली उतरताच म्हणाले, "दादा, हसू नका, पण ग्रीस मारली तेव्हापासून दिवे बिघडलेत." मी हसलोच. मग खाली वाकून बघितलं आणि हसू विरलं. फिफ्थ व्हीलवर, म्हणजे ट्रेलर ज्या थाळीवर टेकतो तिच्यावर, बोटभर ताजी ग्रीस होती. केबलमधली पांढरी तार केव्हाच तुटलेली होती. इतके दिवस करंट किंगपिन (ट्रेलरची थाळीत अडकणारी खुंटी) आणि थाळीच्या लोखंडातून घोड्यावर परत येत होता. ग्रीस घातली आणि लोखंड लोखंडाला टेकायचं कमी झालं. उभ्या गाडीत कुठे तरी टेकलेलं असायचं, म्हणून आवारात दिवे नीट. घाटात ट्रेलर डुलायला लागला की संपर्क तुटायचा. माणूस बरोबर होता, ग्रीसही बरोबर होती. मोडलेली होती ती तार, आणि ग्रीसने फक्त चोर उघडा पाडला. ग्रीस पुसू नका, ती थाळीला हवीच. तार बदला.

पाचवी: कॉइल केबल. घोडा आणि ट्रेलरमधली ही गुंडाळलेली केबल दर वळणाला ताणली जाते आणि आतला तांबा तुटतो तो बहुधा प्लगपासून हातभर अंतरात. वरून रबर शाबूत दिसतं. जोडीदाराला दिवे लावून ठेवायला सांगा आणि तुम्ही केबल इंच इंच वाकवत जा. जिथे दिवा लुकलुकला तिथे तार तुटलेली. मधे जोड मारू नका. कॉइल केबलमधला जोड म्हणजे पुढच्या पावसाचं आमंत्रण. नवी केबल टाका. प्लगजवळ तुटली असेल तर तेवढी कापून नवा प्लग बसवता येतो, पण केबल आखूड होते. घोडा पूर्ण काटकोनात वळवून ती ताणत नाही ना, ते बघूनच निघा.

इथपर्यंत मीटर लागला नाही. आता लागेल, पण त्याआधी एक इशारा. भार नसताना मीटर खोटं समाधान देतो. सात केसांच्या तारेतला एकच केस शिल्लक असला तरी मीटर २४ दाखवेल, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. दिवा ओढतो. म्हणून मी आधी टेस्ट लॅम्प वापरतो: २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, दोन तारा, एक चिमटा. तो पाऊण-एक अँपिअर ओढतो, तेव्हा कच्चा जोड तिथेच उघडा पडतो. पिनवर बल्ब झगझगीत तर लाईन पक्की. मिणमिण तर जोड कच्चा, मीटर काहीही सांगो.

सात पिनच्या प्लगची आयएसओ ११८५ ची मांडणी अशी: १ पांढरी अर्थ, २ काळी डावी टेल, ३ पिवळी डावा इंडिकेटर, ४ लाल ब्रेक, ५ हिरवी उजवा इंडिकेटर, ६ तपकिरी उजवी टेल, ७ निळी. ही निळी ज्याला जशी हवी तशी वापरलेली असते. खरं सांगायचं तर रंगांवर विसंबू नका. दोनतीन मिस्त्रींच्या हातून गेलेल्या ट्रेलरमध्ये रंग म्हणजे ज्याच्या दुकानात जी तार होती तो. आकडे प्लगच्या आत कोरलेले असतात, ते वाचा.

मीटर हातात घेतलाच आहे तर अर्थचा व्होल्टेज ड्रॉप मोजा. सगळे दिवे लावा, ब्रेक दाबून धरायला सांगा. काळी काडी घोड्याच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल काडी मागच्या दिव्याच्या अर्थला. शून्याच्या जवळ हवं. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो, एकच्या वर गेलं तर तार किंवा जोड बदलतो. थोडं गणित सांगतो. चाळीस फुटी ट्रेलरला प्लगपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत सहज १५ मीटर तार जाते. दीड चौरस मिलिमीटरच्या १५ मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.१८ ओहम. दोन ब्रेक लाईट, एक इंडिकेटर, दोन टेल आणि आठ साईड मार्कर मिळून ११३ वॉट, म्हणजे पावणेपाच अँपिअर, आणि हे सगळं एकाच अर्थवरून परत येणार. तार अगदी नवी असली तरी पाऊण व्होल्टच्या वर वाटेतच गेला. म्हणून अर्थला अडीचची तार टाका, बाकीच्यांना दीड चालते. मालक अर्थची तार बारीक घेऊन पैसे वाचवतात, तिथेच सगळं बिघडतं.

मागे नवा रंग मारला असेल तर लगखालचा, म्हणजे तारेच्या टोकाच्या चकतीखालचा, रंग खरवडा. रंगावर बसवलेला बोल्ट आवळला तरी अर्थ मिळत नाही. खरवडा, आवळा, मग वरून रंगाचा हात द्या.

फ्यूज उडत असेल तर वेगळं प्रकरण. १० अँपिअरचा लाल फ्यूज उडाला म्हणून २० चा पिवळा बसवायचा नाही, आणि तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच. मग तार फ्यूज होते, आणि ती जळते केबिनच्या मागे, डिझेलच्या टाकीच्या बाजूने. ट्रेलरचा प्लग काढा, त्याच आकड्याचा नवा फ्यूज लावा. टिकला तर दोष ट्रेलरमध्ये. फ्यूज वाया घालवत बसू नका. त्या जागी हेडलाईटचा जुना २४ व्होल्ट ७० वॉटचा बल्ब लावा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण झगझगेल, शॉर्ट सुटली की मंद होईल. आता ट्रेलरखालची तार ठिकठिकाणी हलवत जा. पहिला संशय जिथे तार लोखंडाच्या कडेवरून वळते तिथे, मग लँडिंग लेग (सोडलेला ट्रेलर ज्यावर उभा राहतो ते पाय), मग मडगार्ड. महिनाभर आवारात उभा राहिलेला ट्रेलर असेल तर उंदीर. सापडलं की टेप नव्हे, कडेला रबर ग्रोमेट किंवा होज पाइपचा तुकडा बसवा.

बल्ब वारंवार उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचे व्होल्ट बघा. साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस हवेत. २९ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला समजा. बॅटरी मोजताना आणखी एक बघा: म्युझिक सिस्टिमसाठी कोणी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले आहेत का? काढले असतील तर ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी फुगते. २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा. हे वाचून काही मंडळी गाडीत जाऊन बघतील आणि गप्प बसतील, ते मला माहीत आहे.

फ्लॅशरबद्दल फार नाही. एका बाजूला बल्ब, दुसऱ्या बाजूला एलईडी, असं असेल तर जुना फ्लॅशर गोंधळणारच. एलईडीला चालणारा फ्लॅशर घ्या.

आता थांबायचं कुठे. बीएस-६ गाडीत, म्हणजे २०२० च्या एप्रिलनंतरच्या, दिव्यांची बरीच कामं कंट्रोल मॉड्यूलकडे असतात. तिथे सुई टोचून, तार सोलून टॅपिंग घेऊ नका. मॉड्यूल लाइन बंद करून टाकतं, आणि गेलं तर खर्च मोठा. घोड्याच्या बाजूचा दोष निघाला तर कंपनीच्या सर्व्हिसला न्या. ट्रेलर जोडल्यावर एबीएसचा (ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझत नसेल तर दिव्यांच्या सात पिनशी त्याचा संबंध नाही. एबीएसचं सॉकेट वेगळं असतं. ते नीट बसलं आहे का आणि त्याचा फ्यूज, एवढंच बघा. पुढचं ब्रेकच्या माणसाचं काम. जळका वास आला, तारांचा जुडगा वितळलेला दिसला, किंवा ट्रेलर काढल्यावरही फ्यूज लगेच उडाला, तर बॅटरीचा मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बीएस-६ ला इग्निशन बंद केल्यावर लगेच मेन स्विच काढू नका, दोनचार मिनिटं धूर साफ करणाऱ्या युरियाची लाइन रिकामी होऊ द्या. मात्र धूर दिसत असेल तर वाट बघायची नाही. पेट्रोल, गॅस किंवा रसायनाचा टँकर असेल तर टेस्ट लॅम्पसुद्धा लावू नका. आणि ट्रेलरवर वेल्डिंग करून घेणार असाल तर आधी सगळे प्लग काढून ट्रेलर सोडवा. वेल्डिंगचा करंट कोणत्या वाटेने परत जाईल याचा भरवसा नाही.

इलेक्ट्रिशियनला फोन कराल तेव्हा "भिया, लाईट नहीं जल रही" एवढंच सांगू नका. दिवे कधी जातात सांगा: वळणावर, ब्रेकवर, पावसात, की भरल्या गाडीत. गेल्या महिन्यात गाडीला काय केलं तेही सांगा, रंग, वेल्डिंग, नवे दिवे. आणि ग्रीस कधी मारली ते.